एका वाशाचा कार्बन-हिशेब

उत्तर अमेरिकेत घराचा सांगाडा ज्या लाकडाचा उभारतात, त्यातला एक वासा डोळ्यांसमोर आणा. त्याचं नाव ‘टू बाय फोर’, म्हणजे दोन इंच बाय चार इंच. प्रत्यक्ष मोजला तर तो दीड बाय साडेतीन भरतो, कारण लाकूड वाळताना आकसतं आणि नंतर रंधा मारताना चारही बाजूंनी थोडं थोडं जातं. लांबी आठ फूट, वजन चार किलोच्या आसपास. अंगावर शाईचा शिक्का असतो. त्यात लाकूड चिरणाऱ्या गिरणीचा (सॉ मिलचा) क्रमांक आणि लाकडाची प्रत, म्हणजे दर्जा, असतो. ‘एसपीएफ’ लिहिलेलं असेल तर ते स्प्रूस, पाइन किंवा फर यांपैकी एखाद्या झाडाचं लाकूड. ‘केडी-एचटी’ म्हणजे भट्टीत वाळवलेलं आणि आतली कीड मरेल इतकं तापवलेलं.

या चार किलोंत अर्धा किलो पाणीच आहे. उरलेल्या साडेतीन किलो कोरड्या लाकडात निम्मा कार्बन, म्हणजे पावणेदोन किलो. बारा ग्रॅम कार्बनसाठी झाडाला हवेतला ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड ओढून घ्यावा लागतो. त्या प्रमाणात हिशेब केला की या एका वाशात सुमारे ६.४ किलो कार्बन डायऑक्साइड साठवलेला निघतो.

आता दुसरी बाजू. हा वासा जंगलातून निघून गिरणीच्या फाटकाबाहेर पडेपर्यंत डिझेल, वीज आणि नैसर्गिक वायू यांच्यापायी होणारं उत्सर्जन उत्तर अमेरिकेच्या सरासरीने घनमीटरमागे साठ-सत्तर किलो धरलं जातं. असे सुमारे १२० वासे मिळून एक घनमीटर होतो. म्हणजे एका वाशाच्या वाट्याला जेमतेम अर्धा किलो.

साठवण ६.४ किलो आणि उत्सर्जन अर्धा किलो म्हटल्यावर वजाबाकीचा मोह होतोच. उत्तर येतं उणे सहाच्या आसपास, आणि मग ‘जितकं जास्त लाकूड वापराल तितकी हवा स्वच्छ’ इथवर गाडी जाते. दोन्ही आकडे खरे आहेत. त्यांची वजाबाकी मात्र अर्ध्यावर थांबलेली आहे. ती पुढे कशी न्यायची, हेच या लेखात पाहायचं आहे. लाकूड हे बांधकामाचं फार चांगलं साहित्य आहे असं मला मनापासून वाटतं, आणि म्हणूनच त्याची बाजू कच्च्या गणितावर मांडलेली पाहिली की वाईट वाटतं.

हिशेब कुठून कुठपर्यंत

एखाद्या वस्तूचा जन्मापासून शेवटापर्यंत पर्यावरणावर किती भार पडतो, हे मोजण्याच्या पद्धतीला जीवनचक्र मूल्यांकन म्हणतात. तिचे जगभर पाळले जाणारे नियम आयएसओ १४०४० आणि १४०४४ या २००६ सालच्या मानकांत आहेत. बांधकाम साहित्यासाठी युरोपच्या ईएन १५८०४ या मानकाने आयुष्याचे टप्पे अक्षरांनी पाडले आहेत. ‘ए’ म्हणजे कच्चा माल, कारखाना, वाहतूक आणि उभारणी. ‘बी’ म्हणजे वापर. ‘सी’ म्हणजे पाडकाम आणि विल्हेवाट. ‘डी’ हा टप्पा वस्तूच्या आयुष्याबाहेरचा. जुना माल पुन्हा वापरल्याने किंवा जाळून ऊर्जा मिळवल्याने दुसरीकडे काय वाचलं, ते तिथे वेगळं नोंदवायचं. अशा मूल्यांकनावरून उत्पादक जो जाहीरनामा प्रसिद्ध करतात त्याला ईपीडी (एन्व्हायर्न्मेंटल प्रॉडक्ट डिक्लरेशन) म्हणतात.

अर्ध्या किलोचा आपला आकडा ‘ए’च्या पहिल्या तीन उपटप्प्यांपुरता आहे, म्हणजे जंगलापासून फाटकापर्यंत. पुढची चाळीस, साठ किंवा शंभर वर्षं त्यात नाहीत.

एकक कुठलं धरलं आहे, तेही आधी पाहावं. तिकडे लाकूड बोर्ड-फुटांत विकतात (एक फूट लांब, एक फूट रुंद आणि एक इंच जाड म्हणजे एक बोर्ड-फूट), आणि ते मोजतात प्रत्यक्ष मापावर नव्हे, तर नावापुरत्या मापावर. टू बाय फोरचा छेद नावाला आठ चौरस इंच, प्रत्यक्षात सव्वापाच. म्हणजे हजार बोर्ड-फुटांत कागदोपत्री जितकं लाकूड दिसतं त्याच्या दोन तृतीयांशच हातात येतं. एकाने नावाच्या मापाने हिशेब केला आणि दुसऱ्याने खऱ्या मापाने, तर घनमीटरमागचे आकडे दीडपटीने वेगळे निघतील आणि चूक दोघांपैकी कुणाचीच नसेल.

जंगल

आपला वासा सॉफ्टवुडचा. सॉफ्टवुड म्हणजे मऊ लाकूड असं नाव असलं तरी त्याचा अर्थ सूचिपर्णी झाडांचं लाकूड इतकाच. बाल्सा हे जगातल्या सर्वांत मऊ लाकडांपैकी एक, पण वर्गीकरणात ते हार्डवुड, म्हणजे रुंद पानांच्या झाडाचं लाकूड आहे.

रोपवाटिका, लागवड, विरळणी, काही ठिकाणी नायट्रोजनचं खत, मग तोडणीची यंत्रं आणि ओंडके वाहणारे ट्रक. ऐकायला हे सगळं भारी वाटतं, पण जीवाश्म इंधनाच्या हिशेबात जंगलातल्या कामाचा वाटा लहानच असतो. झाड तोडणाऱ्या करवतीकडे बोट दाखवणं सोपं आहे, पण हिशेबातला मोठा खर्च तिथे नाही. या टप्प्यातली पुढे लागणारी गोष्ट म्हणजे झाडाचं वय. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत सदर्न पाइन २५ ते ३५ वर्षांत कापतात. वायव्य किनाऱ्यावर डग्लस फर ४० ते ६० वर्षांचा होऊ देतात. कॅनडाच्या उत्तरेकडच्या थंड पट्ट्यात त्याच जाडीचा स्प्रूस व्हायला ७० ते १०० वर्षं लागतात.

गिरणी आणि भट्टी

ओंडका गोल आणि वासा चौकोनी, त्यामुळे ओंडक्यातलं साधारण निम्मंच लाकूड वाशांच्या रूपाने बाहेर पडतं. बाकीच्याची साल, भुसा, ढलप्या आणि चिप्स होतात. यातलं काहीच फुकट जात नाही. चिप्स कागदाच्या लगद्याला जातात, भुसा आणि ढलप्या पार्टिकल बोर्डला, साल आणि काही भुसा गिरणीच्याच बॉयलरमध्ये.

इथे हिशेबातली पहिली मोठी निवड करावी लागते. गिरणीच्या एकूण उत्सर्जनाचा भार वाशावर किती टाकायचा आणि चिप्सवर किती? वजनाच्या प्रमाणात वाटला तर निम्मा-निम्मा. किमतीच्या प्रमाणात वाटला तर वासा महाग आणि भुसा स्वस्त, त्यामुळे जवळजवळ सगळा भार वाशावर. समजा गिरणीच्या कमाईतले शंभरातले ऐंशी रुपये वाशांतून येत असतील, तर वाटणीची रीत बदलताच वाशाचा आकडा दीडपटीहून जास्त वाढेल. गिरणी तीच, बॉयलरही तोच. दोन ईपीडी शेजारी ठेवून कुठलं लाकूड चांगलं ते ठरवण्याआधी ही वाटणीची रीत तपासायला हवी. ती लिहिलेली असते, फक्त मागच्या पानांवर.

पण खरी ऊर्जा खाते ती भट्टी. सॉ मिलमधल्या एकूण ऊर्जेपैकी सर्वांत मोठा हिस्सा लाकूड वाळवण्यात जातो. ओल्या लाकडात पाणी किती असतं याचा अंदाज सहसा येत नाही. लाकडाचा ओलावा कोरड्या वजनाच्या टक्केवारीत सांगतात, त्यामुळे तो शंभराच्या वर जाऊ शकतो. झाडाच्या बाहेरच्या जिवंत थरात अनेकदा कोरड्या लाकडाहून पाण्याचंच वजन जास्त असतं. आतला गाभा त्या मानाने कोरडा.

आपल्या वाशाचा सरासरी ओलावा ८० टक्के धरू. साडेतीन किलो कोरड्या लाकडाबरोबर २.८ किलो पाणी होतं. बांधकामाला तो १९ टक्क्यांच्या आत लागतो आणि सहसा १५ च्या आसपास आणतात, म्हणजे अर्धा किलो पाणी ठेवायचं आणि २.३ किलो उडवायचं. सुरुवातीला पेशींच्या पोकळ्यांतलं पाणी सहज निघतं. ओलावा तिसाच्या खाली आला की पेशींच्या भिंतीतलं पाणी सुटू लागतं, ते चिवट असतं, आणि तिथूनच लाकूड आकसायला लागतं. घाई केली तर वासा पिळवटतो, चिरा पडतात आणि माल बाद होतो.

एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे २.३ मेगाज्यूल ऊर्जा लागते. म्हणजे या एका वाशासाठी किमान ५.३ मेगाज्यूल, विजेच्या भाषेत दीड युनिट. दमट हवा सतत बाहेर सोडावी लागते, लाकूड तापवावं लागतं, भट्टीच्या भिंतींतून उष्णता निसटते, त्यामुळे प्रत्यक्षात दुपटीच्या जवळ जातं. दहा मेगाज्यूल धरू.

ही ऊर्जा बहुतेक वेळा साल आणि भुसा जाळून मिळते. कोरडं लाकूड किलोमागे साधारण अठरा मेगाज्यूल देतं. म्हणजे एका वाशासाठी अर्ध्या किलोहून थोडं जास्त लाकूड जाळलं आणि धुराड्यातून सुमारे एक किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडला. हा माझा ढोबळ हिशेब आहे, पण ताळेबंद समजायला पुरेसा. सुरुवातीला सांगितलेल्या अर्ध्या किलोत हा एक किलो धरलेलाच नाही, कारण तो झाडाने आधी घेतलेला कार्बन आहे आणि नवं झाड तो पुन्हा घेईल, असं नियम मानतो. हे चूक आहे असं मी म्हणत नाही. पण ‘लाकडाला ऊर्जाच लागत नाही’ असं कुणी म्हणालं, तर ऊर्जा भरपूर लागते, ती आपल्याच भुशातून येते, एवढं आठवावं. तसंच भट्टीतून लाकडातले टर्पीन, मिथेनॉल, थोडं फॉर्माल्डिहाइड आणि बॉयलरमधून धुराचे सूक्ष्म कण बाहेर पडतात. ते कार्बनच्या रकान्यात दिसत नाहीत, पण त्याच मूल्यांकनात धुरके, आम्लीकरण अशा नावांनी वेगळे रकाने असतात. ते सहसा कुणी वाचत नाही.

वाहतुकीचं थोडक्यात सांगतो. एक टन माल एक किलोमीटर नेणं जहाजाने ट्रकच्या तुलनेत फार कमी इंधनात होतं आणि रेल्वे या दोहोंच्या मध्ये येते. त्यामुळे नकाशावरचं अंतर पाहून अंदाज बांधू नये, माल कशाने आला ते विचारावं.

भिंतीत

लाकूड आणि पोलाद यांची किलोला किलो तुलना निरर्थक आहे. एक किलो पोलाद जो भार पेलतं तो एक किलो लाकूड त्याच रीतीने पेलत नाही. तुलना कामाची करायची असते, म्हणजे अमुक भार पेलणारी आणि अमुक उष्णता अडवणारी एक चौरस मीटर भिंत, किंवा आख्खं घर.

अमेरिकेत कॉरिम नावाचा संशोधन संस्थांचा गट १९९६ पासून लाकडाच्या जीवनचक्रावर काम करतो आहे. त्यांनी दोन शहरांसाठी कल्पिलेल्या घरांचा हिशेब मांडला. थंड मिनीॲपोलिससाठी लाकडी सांगाड्याचं घर विरुद्ध पोलादी सांगाड्याचं, आणि उष्ण अटलांटासाठी लाकडी विरुद्ध काँक्रीटच्या भिंतींचं. हवामानाला तापवणाऱ्या उत्सर्जनात पोलादी घर लाकडी घराहून २६ टक्क्यांनी आणि काँक्रीटचं ३१ टक्क्यांनी जास्त निघालं. फरक ‘कितीतरी पट’ नाही, कारण लाकडी म्हटलेल्या घरातही पाया काँक्रीटचा असतो, काच, छपराचं आच्छादन आणि उष्णतारोधक थर दोन्हीकडे असतात. सांगाडा बदलला म्हणजे घर बदललं असं होत नाही.

लाकूड वापरल्याने दुसरीकडे किती कार्बन वाचतो, या गुणोत्तराला प्रतिस्थापन गुणांक म्हणतात. २०१० मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेली सरासरी होती २.१, म्हणजे लाकडातल्या एका टन कार्बनमागे २.१ टनांची बचत. २०१८ मध्ये युरोपियन फॉरेस्ट इन्स्टिट्यूटच्या आढाव्यात ती १.२ निघाली. दोन्हींत धरलेले अभ्यास वेगळे आहेत, त्यामुळे एक खरी आणि दुसरी खोटी असं नव्हे. पण पुढच्या काळाबद्दल एक गोष्ट नक्की आहे. पोलाद आणि सिमेंट जसजसं स्वच्छ होईल तसतसा हा गुणांक उतरत जाईल. आज उभ्या राहणाऱ्या घराची बचत २०६० मधल्या घराच्या नावावर टाकता येणार नाही.

घर पाडल्यावर

वजाबाकी अर्ध्यावर थांबते असं मी म्हणालो ते इथे. ईएन १५८०४ च्या नियमाने झाडाने घेतलेला कार्बन ‘ए’मध्ये उणे लिहायचा आणि वासा आयुष्याच्या शेवटी जळला, कुजला किंवा दुसऱ्या कुणाच्या हवाली झाला की तोच ‘सी’मध्ये अधिक लिहायचा. दोन्ही मिळून शून्य. उणे ६.४ हा आकडा फक्त पहिल्या रकान्यापुरता खरा आहे. हा कार्बन उसना आहे. कधी परत जाणार, एवढाच प्रश्न.

तो ‘कधी’ महत्त्वाचा आहेच. साठ वर्षं भिंतीत अडकलेला कार्बन त्या साठ वर्षांत हवा तापवत नाही. देशांच्या हरितगृह वायूंच्या ताळेबंदासाठी आयपीसीसीने (हवामानबदलावरच्या आंतरसरकारी समितीने) चिरलेल्या लाकडाचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मा साठा संपायला लागणारा काळ, ३५ वर्षं, पार्टिकल बोर्डसारख्या फळ्यांचं २५ आणि कागदाचं २ वर्षं धरलं आहे. आता ओंडक्याचा उरलेला निम्मा भाग आठवा. त्यातल्या चिप्स कागदाला गेल्या, साल लगेच जळली, मुळं आणि फांद्या जंगलातच कुजल्या किंवा जाळल्या गेल्या. उभ्या झाडातल्या कार्बनपैकी साधारण एक तृतीयांश किंवा त्याहून कमीच भिंतीपर्यंत पोचतो.

जुना वासा कचराभूमीत पुरला तर काय होतं, याचं उत्तर मला सर्वांत जास्त चकित करून गेलं. सिडनीतल्या जुन्या कचराभूमी खणून काढलेलं लाकूड तपासलं, तेव्हा दशकं उलटूनही त्यातल्या कार्बनचा थोडाच भाग गेला होता. लाकडाला कडकपणा देणारा लिग्निन हा घटक हवेविना जवळजवळ कुजतच नाही. वाटतं की मग पुरून टाकणंच उत्तम. पण वाशातला फक्त दहावा भाग कार्बन कुजला, त्यातल्या निम्म्याचा मिथेन झाला आणि तो पकडला नाही असं धरा. सुमारे ११७ ग्रॅम मिथेन होईल. शंभर वर्षांच्या मापाने मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या २८ पट तापवतो, म्हणजे ३.३ किलो झाले. एक दशांश कुजल्याने साठवणीच्या निम्म्याइतका भार! कचराभूमीवर वायू गोळा करायची सोय आहे की नाही, यावर वाशाच्या आख्ख्या आयुष्याचा निकाल फिरतो.

सर्वांत बरं म्हणजे तो वासा पुन्हा वासा म्हणूनच वापरणं. त्यासाठी घर यंत्राने न फोडता हाताने उतरवावं लागतं, खिळे काढावे लागतात, आणि मूळ शिक्का पुसला असेल तर नव्याने प्रत ठरवल्याशिवाय अभियंता त्यावर भार टाकायला तयार होत नाही. क्रोमियम-तांबं-आर्सेनिकचं रसायन पाजलेलं लाकूड तर चुलीत जाळताही येत नाही, राखेत आर्सेनिक उतरतं. अमेरिकेत घरगुती वापरातून ते २००३ अखेर बहुतांशी बाद झालं, पण त्याआधीची कुंपणं आणि लाकडी चौथरे अजून निघतच आहेत.

झाड तोडलंच नसतं तर

उरला सर्वांत वादाचा प्रश्न. समजा एका जंगलाचे चाळीस तुकडे आहेत, प्रत्येकातली झाडं वेगळ्या वयाची, एक वर्षापासून चाळीस वर्षांपर्यंत. दर वर्षी सर्वांत जुना तुकडा कापून पुन्हा लावायचा. आख्ख्या जंगलातला कार्बन दर वर्षी तितकाच राहतो आणि वासे मिळत राहतात. लाकडाचा कार्बन निव्वळ शून्य धरण्यामागे हेच चित्र आहे, आणि ते प्रामाणिक चित्र आहे.

आक्षेप असा की तुलना कालच्या जंगलाशी का करायची? न कापलेल्या जंगलाशी करा. ते चाळीस तुकडे तसेच ठेवले असते तर झाडं वाढत राहिली असती आणि कार्बनही वाढला असता. ही न झालेली वाढ म्हणजे तोडणीची किंमत. २०२३ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या एका अभ्यासाने याच रीतीने जगातल्या सगळ्या लाकूडतोडीचा, म्हणजे सरपणासकट, हिशेब केला. येत्या दशकांत ही किंमत वर्षाला ३.५ ते ४.२ अब्ज टन कार्बन डायऑक्साइड असेल, असा त्यांचा अंदाज आहे. त्याला उत्तर देणारे म्हणतात की लाकडाला भावच नसेल तर मालक तिथे जंगल ठेवेल कशाला, आणि न कापलेलं जंगल सुखरूप राहील याची हमी कुठे आहे? ब्रिटिश कोलंबियात पाइनच्या सालीतल्या भुंग्याने सुमारे १.८ कोटी हेक्टरांवरच्या जंगलाला ग्रासलं. तिथला कार्बन कुणी न कापताही गेला.

माझं मत विचाराल तर दोन्ही बाजू वेगवेगळ्या जमिनींबद्दल बोलत आहेत. पडीक शेतावर लावलेल्या पाइनला पहिला युक्तिवाद चपखल लागू होतो. दोनशे वर्षं न तोडलेल्या जंगलाला दुसरा. तिथे मातीतला आणि जुन्या खोडांतला कार्बन, त्या खोडांच्या ढोल्यांत राहणारे जीव, यांतलं काहीच तीस वर्षांच्या लागवडीत परत येत नाही. जैवविविधतेसाठी तर नेहमीच्या मूल्यांकनात धड रकानाही नाही.

आणि अशा लाकडाची ईपीडी सहसा आख्ख्या उद्योगाची सरासरी असते. तीस वर्षांच्या लागवडीतला वासा आणि दोनशे वर्षांच्या जंगलातला वासा, दोघांवर तोच अर्धा किलो आणि तोच ६.४ किलो. अंगावरच्या शिक्क्यात गिरणी आहे, प्रत आहे, झाडाची जात आहे, ओलावा आहे. तो कुठल्या जंगलातून आला हे लिहायला त्या शिक्क्यात जागा नाही. ते विकणाऱ्याला वेगळं विचारावं लागतं, आणि उत्तर लेखी मागावं लागतं.